डाय-पंचला क्रायो कसं करायचं: पाणी दिल्यापासून टेंपरपर्यंत

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं हीट ट्रीटमेंटचं, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कडक करायचं काम आहे. डाय-पंचवाले (प्रेसवर पत्रा कापायची हत्यारं करणारे), ब्लेडवाले, गेजवाले (माप तपासायची साधनं करणारे) माल टाकायला येतात आणि निघताना हमखास विचारतात, "अण्णा, ते नायट्रोजनचं काय असतंय? केलं तर खरंच जास्त टिकतंय का?" टिकतं. पण कुठलं पोलाद, कुठल्या टप्प्यावर आणि किती सावकाश, हे तिन्ही जमलं तरच. नाहीतर नायट्रोजन हवेत जातो, पैसे जातात आणि वर एखादा डाय तडकतो. म्हणून सगळी पद्धत इथे लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. क्रायो म्हणजे द्रव नायट्रोजनने पोलाद शून्याच्या खूप खाली थंड करणं, पण तो तयार डायवर वरून करायचा संस्कार नाही. आपण भट्टीतून काढून तेलात पाणी देतो, म्हणजे एकदम थंड करतो, तेव्हा जे काम सुरू होतं, त्याचाच उरलेला भाग म्हणजे क्रायो. भट्टीत १०३० अंशांच्या आसपास डी-२ (डाय-पंचांचं जास्त कार्बनचं पोलाद) तापतं तेव्हा त्याची आतली रचना ऑस्टेनाइटची असते. एकदम थंड केलं की तिचं मार्टेन्साइट होतं आणि तेच आपल्याला हवं असतं, कारण कडकपणा त्याचा. पण कार्बन जास्त असलेल्या पोलादात हे रूपांतर आपल्या हवेच्या तापमानाला पूर्ण होत नाही. ते संपण्याचं तापमान शून्याच्याही बरंच खाली असतं. आपण तेलातून तुकडा काढतो ४०-५० अंशांना, आणि रूपांतर तिथेच थांबतं. वीटभट्टीत पक्क्या विटांच्या मधे मधे कच्च्या राहाव्यात तसा मऊ ऑस्टेनाइट आत राहून जातो. डी-२ मध्ये तो सहज दहा-पंधरा टक्के असतो, आणि हार्डनिंगचं तापमान चढं ठेवलं असेल तर आणखी जास्त. धार घासली जाताना आधी तोच दबतो, आणि त्याच्या आधाराने बसलेले कडक कार्बाइडचे कण निसटून जातात.

थंडीचं दुसरं काम जास्त सूक्ष्म आहे. उणे ८० अंशांपर्यंत गेलं तरी बराचसा ऑस्टेनाइट बदलतो, आणि उणे १२०-१३०च्या पुढे बदलायला फारसं काही उरत नाही. मग उणे १८५ पर्यंत नेऊन दिवसभर ठेवायचं कशाला? कारण तेवढ्या थंडीत मार्टेन्साइटमधली अणूंची जाळी आवळली जाते आणि त्यातला कार्बन बाहेर पडायला जागा धरतो. नंतर टेंपर करताना, म्हणजे ठिसूळपणा काढायला पुन्हा मंद तापवताना, त्या जागांवर फार बारीक कार्बाइड दाट उगवतात. झीज कमी होण्यातला मोठा वाटा ह्यांचा आहे. ह्याला वेळ लागतो, आणि म्हणून रॉकवेलचा, म्हणजे कडकपणाचा आकडा जवळपास तेवढाच राहूनही आयुष्य वाढलेलं दिसतं. बंगालमधल्या शिबपूरच्या संशोधकांनी डी-२ वर ठेवण्याची वेळ बदलून बदलून काम केलं. त्यांना ३६ तासांपर्यंत झीज कमी होत गेलेली दिसली आणि त्यापुढे फायदा परत घसरला. मी डी-२ ला २४ तास ठेवतो. खूप घासणारं काम असेल आणि गिऱ्हाईक थांबायला तयार असेल तर ३६. त्याहून जास्त ठेवणं म्हणजे नुसता नायट्रोजन जाळणं.

कशाला करायचं, कशाला नाही

डी-२, डी-३ (आपल्याकडे ज्याला एचसीएचसीआर म्हणतात), एम-२ हायस्पीड, ईएन-३१ आणि ओएचएनएस ह्यांना करा. पहिल्या तिघांत फरक सगळ्यात चांगला दिसतो. ईएन-३१ चे गेज असतील तर तिथे मुद्दा झिजेपेक्षा मापाचा असतो. आत राहिलेला ऑस्टेनाइट महिन्या-महिन्यांनी हळूहळू बदलत राहतो आणि गेज मायक्रॉनमध्ये फुगतो. तेवढ्यासाठी उणे ८० पुरे. कोरडा बर्फ आणि स्पिरिटमध्येही तुकडा उणे ७८ च्या आसपास जातो. फक्त ते काम उघड्या हवेत आणि आगीपासून दूर करायचं, कारण स्पिरिट पेट घेतं आणि कोरड्या बर्फाचा वायू खाली साचतो.

ईएन-८ घेऊन येऊ नका. त्यात कार्बन ०.४ टक्के, रूपांतर तेलात किंवा पाण्यातच पूर्ण होतं, आत बदलायला काही उरतच नाही. माइल्ड स्टीलचं तर बोलायलाच नको. साखर कारखान्यांचा सीझन संपला की जिल्ह्यातून ऊस बारीक करायच्या नाइफ आणि फायबरायझरचे हॅमर करून द्याल का अशी विचारणा होते. त्यांना मी नाही म्हणतो. ते कमी कार्बनचं अंग असतं, टोकाला हार्डफेसिंगचा, म्हणजे कडक थराचा वेल्ड असतो आणि आयुष्य ठरतं ते दगड-लोखंडाच्या माऱ्यावर. थंडीने तिथे काही सुधारत नाही.

हीच कसोटी डायलाही लावायची. तुमची धार घासून बोथट होते की ठोका बसून तिचा टवका उडतो, हे आधी बघा. घासून जात असेल तर क्रायो करा. टवका उडत असेल तर आधी क्लिअरन्स (डाय-पंचमधली फट), अलाइनमेंट, टेंपरचं तापमान तपासा, कारण ऑस्टेनाइट गेला की चिवटपणा थोडा कमीच होतो, वाढत नाही.

हे बघायला धारेवर भिंग लावावं लागतं. चादरीच्या जेकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पाडणाऱ्या मशीनचे बारीक पंच माझ्याकडे येतात. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलं, तरी जुनी मशीनं अजून चालू आहेत. पंच दहापटीच्या भिंगाखाली धरा आणि ट्यूबलाइटखाली हळूहळू फिरवा. चांगली धार दिसतच नाही, कारण तिच्यावरून उजेड परत येत नाही. जिथे झीज झाली आहे तिथे कडेने एक पांढरी चकचकीत रेघ येते. ती रेघ सगळीकडे सारख्या जाडीची असेल तर घासणं आहे, मधेच तुटक खड्डे असतील तर टवके. कार्डावरही तेच कळतं. बोथट पंचाने पाडलेल्या भोकाच्या कडेला पुठ्ठ्याची लव उभी राहते, आणि बोट फिरवलं की हाताला लागते. पुठ्ठा मऊ वाटतो, पण त्यातली मातीची भरण दिवसभर धार घासत असते. असल्या कामाला क्रायो लागू पडतं.

क्रम

मशीनिंग रफ करून आणा. पक्क्या मापाला ग्राइंडिंग शेवटी. ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होताना आकारमान वाढतं, त्यामुळे क्रायोनंतर तुकडा किंचित फुगलेला मिळणार. बाजूला ०.१५ ते ०.२ मिलिमीटर ठेवलं तर निवांत काम होतं. कोपऱ्यांना रेडियस द्या. आतला काटकोनी कोपरा, धारदार की-वे (चावी बसायची खाच), कडेला अगदी चिकटून पाडलेलं भोक, हे तिन्ही तडा जाण्याची आवडती ठिकाणं. नंबर पंचाने मारलेले आकडेसुद्धा धारेजवळ नकोत.

मग नेहमीसारखं हार्डनिंग. भट्टीत डी-२ आधी साडेसहाशे, मग साडेआठशेला थांबवत वर न्यायचं, १०२० ते १०४० ला भिजवायचं आणि तेलात किंवा जाडीप्रमाणे हवेत थंड करायचं. क्रायो करायचं आहे म्हणून हार्डनिंगचं तापमान चढवू नका. दाणा मोठा झाला तर तो थंडीने लहान होत नाही.

तेलातून निघालेला तुकडा हाताला सोसेल इतका निवला की घड्याळ सुरू झालं असं समजा. हा टप्पा सगळ्यात जास्त बिघडतो. ऑस्टेनाइट हवेच्या तापमानाला जितका जास्त वेळ पडून राहील तितका तो हट्टी होतो, आणि मग थंडीलाही पूर्ण दाद देत नाही. संध्याकाळी पाणी दिलं आणि सकाळी बघू, हे इथे चालत नाही. तासाभरात तुकडा चेंबरमध्ये गेला पाहिजे. म्हणून आमच्याकडे क्रायोचा माल सकाळच्या पहिल्या चार्जला लागतो.

टेंपर आधी की क्रायो आधी, ह्यावर लोक वाद घालतात. माझं म्हणणं सरळ आहे: क्रायो आधी, टेंपर नंतर. अपवाद फक्त वेड्यावाकड्या आकाराचा, पातळ-जाड भाग एकत्र असलेला तुकडा. त्याला १५० अंशांवर तासभर हलकं टेंपर देऊन मग थंडीत घालतो. त्याने थोडा ऑस्टेनाइट स्थिर होतो आणि फायदा थोडा घटतो, पण तडकलेल्या डायपेक्षा ते परवडतं.

चेंबरमध्ये घालण्याआधी तुकडा धुऊन पूर्ण कोरडा करा. तेलाचा थर, भोकात अडकलेलं पाणी, स्केल, काहीही नको. उणे १८३ च्या खाली गार झालेल्या पृष्ठभागावर हवेतला ऑक्सिजन द्रव होऊन बसू शकतो, आणि तो तेलाशी भेटणं धोक्याचं.

चेंबर

आतलं भांडं आणि जाळ्या ३०४ स्टेनलेसच्या हव्यात. साधं लोखंड ह्या थंडीत काचेगत ठिसूळ होतं. माल भरलेली माइल्ड स्टीलची बास्केट उचलताना वेल्डवर तुटते. भोवती जाड इन्सुलेशन, पंखा आत पण त्याची मोटर बाहेर, नायट्रोजनच्या लाइनवर क्रायोजेनिक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (अति थंडीत चालणारा विजेचा व्हॉल्व्ह) आणि रॅम्प-सोक देणारा, म्हणजे ठरल्या वेगाने तापमान बदलून तिथे धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर. व्हॉल्व्ह असा घ्या की लाइट गेली की आपोआप बंद होईल. मग तापमान सावकाश चढत राहतं, माल बिघडत नाही. कंट्रोलरला छोटा यूपीएस द्या.

नायट्रोजनचा फवारा थेट मालावर पडता कामा नये. आत पत्र्याची आडभिंत ठेवा, म्हणजे द्रव तिथे आदळून वायू होतो आणि पंखा तो थंड वायू फिरवतो. एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चेंबरच्या हवेला आणि दुसरं सगळ्यात जाड तुकड्याच्या भोकात. हवा उणे १८५ दाखवते तेव्हा जाड ठोकळ्याचं पोट बरंच मागे असतं. भिजवण्याचे तास मालाच्या थर्मोकपलवरून मोजा.

उतरण्याचा वेग मिनिटाला एक अंश. चाळीसवरून उणे १८५ म्हणजे २२५ अंश, साधारण पावणेचार तास. जाड किंवा कोपऱ्यांचा माल असेल तर अर्धा अंश, म्हणजे साडेसात तास. ह्यात घाई करू नका. एकाने दुसरीकडून करून आणलेला पंच माझ्याकडे तपासायला आला होता. बादलीत द्रव नायट्रोजन ओतून तुकडा सरळ बुडवला होता. नुसत्या डोळ्याला काही दिसत नव्हतं. तडा दाखवणारा लाल रंग मारला, पुसला, पांढरं डेव्हलपर फवारलं, आणि दोन-तीन मिनिटांत की-वेच्या आतल्या कोपऱ्यातून केसाएवढी लाल रेघ वर सरकत आली, बरोबर काटकोनाच्या टोकातून. बाहेरचा थर आधी आकसतो आणि त्यातच नवं मार्टेन्साइट फुगायला लागतं. आत-बाहेरची ही ओढाताण कोपऱ्यात फुटते.

उणे १८५ ला २४ तास झाले की व्हॉल्व्ह बंद. झाकण उघडायचं नाही, माल काढायचा नाही. बंद चेंबरमध्येच तो आपल्या गतीने चढू द्या, रात्रभर गेली तरी जाऊ दे. पावसाळ्यात हे जास्त पाळावं लागतं. गार तुकडा बाहेर काढला की त्यावर आधी पांढरं हिम धरतं, मग पाणी सुटतं आणि संध्याकाळपर्यंत गंज. हवेच्या तापमानाला आला की बाहेर काढून, कोरडा पुसून, थेट टेंपरच्या भट्टीत.

टेंपर चुकवायचं नाही. थंडीत तयार झालेलं नवं मार्टेन्साइट एकदम ताजं, ठिसूळ असतं. डी-२ ला १८० ते २०० अंशांवर, इंचाच्या जाडीला दोन तास ह्या हिशेबाने टेंपर, आणि मधे पूर्ण निववून दुसऱ्यांदा. कडकपणा ६० च्या आसपास मिळतो. काही जण ५१०-५२० अंशांचं चढं टेंपर मागतात, विशेषतः नंतर वायर-कट किंवा कोटिंग असेल तर. त्याही मार्गाने ऑस्टेनाइट बराच मोडतो, त्यामुळे तिथे क्रायोचा फायदा कमी दिसतो. हे गिऱ्हाइकाला आधी सांगा.

नायट्रोजनचा हिशेब

शंभर किलो पोलाद ४० अंशांवरून उणे १८५ पर्यंत न्यायला साधारण साडेआठ हजार किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो नायट्रोजन नुसता उकळताना १९९ किलोज्यूल घेतो. म्हणजे ४३ किलो, लिटरमध्ये पन्नासच्या थोडं वर. थंड वायू आत नीट फिरवला तर तोही उष्णता उचलतो आणि एवढा लागत नाही. पण चेंबरचं स्वतःचं वजन आणि चोवीस तासांची गळती वेगळी. आपल्याकडे मे महिन्यात शेडमध्ये ४३ अंश असतात, तेव्हा गळती आणखी. म्हणून उन्हाळ्यात मी माल साठवून चेंबर भरूनच लावतो. अर्धं चेंबर लावलं तर भांडं गार करण्यातच पैसे जातात. देवारमधला (द्रव नायट्रोजन ठेवायच्या भांड्यातला) नायट्रोजनही रोज उडत असतो, तो कामाच्या दिवशीच भरून आणावा.

पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हशींच्या गोठित रेतमात्रा ज्या कॅनमध्ये ठेवतात, त्यातला नायट्रोजन हाच, उणे १९६ चा. त्यामुळे पंढरपूर-सांगोल्याकडची पोरं कामाला आली की त्यांना कॅन ओळखीचा असतो आणि भीती मोडलेली असते. भीती मोडणं इथे चांगलं नाही.

एक लिटर द्रवाचा जवळपास सातशे लिटर वायू होतो. तीन मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीत दहा लिटर सांडला तर सात घनमीटर वायू तयार होतो आणि खोलीतला ऑक्सिजन २१ वरून १६ टक्क्यांच्या आसपास उतरतो. ह्या वायूला वास नाही, रंग नाही आणि गुदमरल्यासारखं वाटतही नाही. माणूस चक्कर येऊन पडतो, आणि त्याला उचलायला धावलेला दुसराही पडतो. म्हणून चेंबर खोलीत नको, शटर उघडं असलेल्या शेडमध्ये हवं, शेजारी खड्डा नको आणि एक्झॉस्ट जमिनीलगत हवा. ऑक्सिजन मीटर १९.५ ला वाजला पाहिजे. देवार बंद गाडीच्या केबिनमधून आणायचा नाही, माणसासोबत लिफ्टमध्ये न्यायचा नाही. त्याचं झाकण सैल असतं ते मुद्दामच. पक्कं बसवलं तर भांडं फुटेल.

हातमोजे क्रायोचे आणि सैल घ्या, द्रव आत गेला तर झटकून काढता आले पाहिजेत. तोंडावर शील्ड. पँट बुटात खोचायची नाही, बुटावरून सोडायची. बोट गार धातूला चिकटलं तर ओढायचं नाही, कोमट पाणी ओतून सोडवायचं, चोळायचं नाही आणि दवाखाना गाठायचा.

झालं की नाही, कसं बघायचं

पाणी दिल्यावर, क्रायोनंतर आणि टेंपरनंतर, तिन्ही वेळा कडकपणा घ्या आणि जॉब कार्डवर लिहा. डी-२ मध्ये क्रायोनंतर एक-दोन रॉकवेल चढतो. मायक्रोमीटरने एक ठरलेलं माप आधी आणि नंतर घ्या. ते काही मायक्रॉन वाढलं म्हणजे ऑस्टेनाइट बदलला. दोन्ही जागचे जागीच राहिले तर एक तर ऑस्टेनाइट कमीच होता किंवा चेंबरमध्ये घालायला उशीर झाला. नेमका टक्का हवा असेल तर एक्स-रे डिफ्रॅक्शन करून घ्यावं लागतं. तुकडा छोटा असला तर ते जमतं.

पण खरी परीक्षा प्रेसवर. एकाच बारचे दोन पंच करा, एक क्रायोचा, एक साध्या हार्डनिंगचा. तोच पत्रा, तोच ऑपरेटर, तेच तेल. धार लावायला काढेपर्यंत किती ठोके झाले ते काउंटरवरून लिहून ठेवा. कडकपणाच्या सर्टिफिकेटपेक्षा ह्या वहीवर माझा जास्त विश्वास आहे, आणि गिऱ्हाइकालाही मी हेच करायला लावतो.

धार परत लावताना हात हलका ठेवा, कूलंट भरपूर, दगड ड्रेस केलेला. पृष्ठभागावर निळी झाक आली की तिथलं टेंपर गेलं आणि क्रायोची मेहनतही. कोटिंग घासलं की संपतं. क्रायो मात्र तुकड्याच्या पोटापर्यंत असतं, त्यामुळे ग्राइंड करून करून डाय संपेपर्यंत ते राहतं, पुन्हा करावं लागत नाही. डाय जुना असेल, टेंपर होऊन प्रेसवर चालूनही झालेला असेल, तर त्यावर केलेल्या क्रायोचा फायदा कमीच, कारण ऑस्टेनाइट तोवर हट्टी झालेला असतो. तरी करायचंच असेल तर नंतर एक टेंपर द्यावंच लागतं. आणि तुटलेल्या कोपऱ्यावर वेल्ड मारून डाय दुरुस्त केलात, तर त्या भागापुरतं काही करता येत नाही. अनील (तापवून मऊ करणं), हार्डनिंग, क्रायो, टेंपर, सगळं पहिल्यापासून. येताना तुकडा कुठल्या पोलादाचा आहे ते लिहून आणा.